संशोधक मानसशास्त्रज्ञाची विचारपद्धती : वडाळ्याचे रूळ आणि द्रोणागिरीचा रस्ता

प्रस्तावना

मानसशास्त्र हा विषय घेऊन पदवी वर्गात येणारा विद्यार्थी बहुधा दोन अपेक्षा बाळगून येतो. माणसांची मने ओळखता यावीत ही एक, आणि मानसिक त्रासात असलेल्यांना मदत करता यावी ही दुसरी. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. परंतु या विषयातील ज्ञान कसे निर्माण होते, ते कशाच्या आधारावर ग्राह्य वा अग्राह्य ठरते, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा नसतो. पुढील काळात तो 'स्वतंत्र चल', 'आश्रित चल', 'नियंत्रित गट', 'अभ्युपगम' या संज्ञांच्या व्याख्या शिकतो, परीक्षेत त्या अचूक लिहितो, आणि तरीही वृत्तपत्रातील एखादा दावा समोर आला की त्या व्याख्यांचा उपयोग त्याला करता येत नाही.

प्रात्यक्षिकांच्या बाबतीत ही अडचण अधिक ठळकपणे जाणवते. म्यूलर-लायर भ्रमाचा किंवा स्मरणावरील प्रयोग करताना अपेक्षित निष्कर्ष पाठ्यपुस्तकात आधीच छापलेला असतो. प्रयुक्ताकडून मिळालेले आकडे त्याच्याशी जुळले नाहीत, तर आपलेच काही चुकले असे विद्यार्थ्याला वाटते आणि नोंदवहीत ते आकडे 'जुळवून' घेण्याचा मोह होतो. संशोधनाचा पहिला धडा येथेच उलटा शिकला जातो. जेथे आकडे अपेक्षेविरुद्ध जातात तेथे संशोधकाचे काम सुरू होते. विद्यार्थ्याचे मात्र तेथेच थांबते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह पदवीचा पर्याय उपलब्ध झाला आहे. त्यामुळे पूर्वी पदव्युत्तर स्तरावर येणारी संशोधनाची जबाबदारी आता पदवी महाविद्यालयांतील अध्यापकांवर येत आहे. या पार्श्वभूमीवर संशोधक मानसशास्त्रज्ञ विचार कसा करतो हे मुंबई उपनगरी रेल्वेच्या एका परिचित उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे आणि त्यातून द्रोणागिरी-पनवेल परिसरातील विद्यार्थ्यांना करता येण्याजोग्या एका अभ्यासाची रूपरेषा मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. सर्वसामान्य स्पष्टीकरण आणि संशोधकाचे स्पष्टीकरण

रेल्वे सुरक्षेचा आढावा घेण्यासाठी डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने २०१२ साली आपला अहवाल सादर केला. रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५,००० व्यक्ती मृत्युमुखी पडतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० मृत्यू एकट्या मुंबई उपनगरी मार्गांवर होतात, असे त्या अहवालात नमूद केले होते. पादचारी पूल असतानाही माणसे रूळ का ओलांडतात, आणि गाडी दिसत असूनही तिच्याखाली का सापडतात, असा प्रश्न वर्गात विचारला तर उत्तरे तत्काळ येतात. लोक बेपर्वा असतात, त्यांना घाई असते, शिस्त नसते, जिवाची किंमत नसते.

या उत्तरांत तथ्य नाही असे नाही. मात्र त्यांच्यात एक समान उणीव आहे. ती कोणत्याही घटनेनंतर देता येतात आणि कोणत्याही घटनेने खोटी ठरत नाहीत. माणूस रूळ ओलांडताना मरण पावला तर तो बेपर्वा होता. सुखरूप पोहोचला तर बेपर्वा असूनही सुदैवी होता. ज्या विधानाला चूक ठरण्याची वाटच नाही, त्याच्या आधारे पुढे काय घडेल हे सांगता येत नाही आणि काय बदलावे हेही ठरवता येत नाही. 'बेपर्वाई' हे बहुतेक वेळा वर्तनाचे कारण नसून त्याच वर्तनाला दिलेले दुसरे नाव असते.

संशोधक हाच प्रश्न लहान करून विचारतो. रूळ ओलांडणारा माणूस गाडी पाहतो, अंदाज घेतो आणि पाऊल टाकतो. अंदाज बरोबर ठरला असता तर तो थांबला असता. मग हा अंदाज नेमका कोठे चुकतो? अशा मांडणीमुळे प्रश्न माणसाच्या स्वभावाकडून त्याच्या संवेदनाकडे वळतो, आणि संवेदनाचे मोजमाप करता येते.

२. निरीक्षणाकडून अभ्युपगमाकडे

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संवेदनाचे अभ्यासक हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ साली रेल्वे फाटकांवरील अपघातांविषयी एक विचार मांडला. विमानतळावर उतरणारे मोठे विमान लहान विमानापेक्षा संथ चालल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात त्याचा वेग कमी नसतो. म्हणजे आकाराने मोठ्या वस्तूचा वेग माणसाला तिच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी भासत असावा. रेल्वेगाडी ही अशीच प्रचंड वस्तू आहे. शिवाय ती जवळजवळ समोरून येत असताना तिच्या प्रतिमेचा आकार प्रारंभी अगदी हळू वाढतो आणि अखेरच्या क्षणांत एकदम वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. अंदाजात तीन सेकंदांची चूक झाली, तर ती सुमारे ५० मीटरची चूक असते.

येथे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावयाची गोष्ट अशी की, लायबोविट्झ यांचे म्हणणे 'लोक बेपर्वा असतात' या विधानाहून अधिक धोका पत्करते. मोठ्या आणि लहान वस्तूंच्या वेगांचे अंदाज सारखेच निघाले, तर ते चूक ठरेल. चूक ठरण्याची अशी निश्चित परिस्थिती आधीच सांगणाऱ्या विधानाला अभ्युपगम म्हणावे; केवळ 'अमुक घटकाचा तमुक घटकावर परिणाम होतो' असे लिहून अभ्युपगम तयार होत नाही.

न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठाच्या हेलन क्लार्क, जॉन पेरोने आणि रॉबर्ट इस्लर यांनी २०१३ साली या कल्पनेच्या प्रायोगिक परीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयुक्तांना येणाऱ्या रेल्वेगाडीच्या आणि मोटारीच्या संगणकीय चित्रणांतील वेगांची तुलना करावयास सांगण्यात आली. रेल्वेगाडीचा वेग मोटारीच्या तुलनेत कमी लेखला जातो, असे आढळले. येथे वाहनाचा प्रकार हा स्वतंत्र चल, भासमान वेग हा आश्रित चल, आणि प्रत्यक्ष वेग, अंतर, पाहण्याचे ठिकाण या बाबी नियंत्रित होत्या. व्याख्यांनी सुरुवात न करता अशा प्रयोगाने सुरुवात केली, तर या संज्ञांची गरज का पडते हे विद्यार्थ्याला स्वतःहून उमगते. संगणकीय चित्रणात धूळ, घाई, गर्दी, हातातले सामान यांपैकी काही नसते. प्रयोगशाळेचे बळ त्यातच आहे आणि तिची मर्यादाही त्यातच आहे.

३. वडाळ्याचा प्रयत्न

प्रयोगशाळेबाहेरचे एक उदाहरण मुंबईतच उपलब्ध आहे. पनवेलकडे जाणाऱ्या हार्बर मार्गावरील वडाळा स्थानकाजवळ २००९ च्या अखेरीस 'फायनल माइल' या मुंबईतील वर्तनविषयक सल्लागार संस्थेने रेल्वेच्या सहकार्याने काही साधे बदल केले. पहिला बदल असा की, रुळांखालील स्लीपरांचे काही काही अंतराने पिवळ्या रंगाने पट्टे रंगवण्यात आले. गाडी एकेक पिवळा पट्टा ओलांडत येताना दिसली की वेगाचा अंदाज घेण्यास आधार मिळावा, अशी त्यामागील कल्पना होती. दुसरा बदल शिट्टीचा. एकाच लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या देण्याची योजना झाली. मधल्या शांततेमुळे लक्ष वेधले जाईल असा तर्क होता. तिसरा बदल फलकाचा. कवटी व हाडांचे किंवा उपदेशाचे परिचित फलक सोडून, गाडीखाली सापडत असलेल्या माणसाच्या भयभीत चेहऱ्याची छायाचित्रे रूळ ओलांडण्याच्या जागी लावण्यात आली.

या तिन्ही बदलांत माणसाला 'सुधारण्याचा' आग्रह नाही. त्याच्या अंदाजाला, अवधानाला आणि भावनेला त्या क्षणी मदत करण्याचा प्रयत्न आहे. पुढील काळात वडाळ्याजवळील मृत्यूंमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश घट झाल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली आणि या प्रयत्नाची देशाबाहेरही दखल घेतली गेली.

बहुतेक विद्यार्थी येथे समाधानाने वही मिटतात. अध्यापकाने मात्र ती पुन्हा उघडावयास लावली पाहिजे.

४. 'फरक पडला' म्हणजे काय?

मृत्यू घटले हे खरे धरले, तरी ते या बदलांमुळेच घटले असे म्हणण्यापूर्वी संशोधक इतर शक्यता एकेक करून पुढे ठेवतो. वर्गात ही यादी विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावी.

पहिली शक्यता सरासरीकडे परतण्याची आहे. सुधारणेसाठी सहसा तेच ठिकाण निवडले जाते जेथे नुकतेच अपघात फार झालेले असतात. अपघातांची संख्या दरवर्षी योगायोगानेही कमी-जास्त होत असते. वर्षाला सरासरी ९ अपघात होणाऱ्या ठिकाणी काहीही न बदलता एका वर्षी १३ आणि दुसऱ्या वर्षी ५ अपघात होऊ शकतात. १३ अपघातांच्या वर्षानंतर तेथे कोणताही उपाय केला तरी तो यशस्वी झाल्यासारखा दिसेल. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील व अपत्ये यांच्या उंचीच्या संदर्भात वर्णन केलेला हा प्रकार अध्यापकांना अनोळखी नाही. पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण दुसऱ्या चाचणीत, जादा तासिका घेतल्या नाहीत तरी, काहीसे वाढतातच. आणि जादा तासिका घेतल्या असतील तर सारे श्रेय तासिकांना जाते. अर्थात घट फार मोठी असेल तर केवळ योगायोगाने तिचे संपूर्ण स्पष्टीकरण होत नाही. तिचा किती भाग योगायोगाचा आणि किती उपायाचा, हा प्रश्न मात्र उरतो.

दुसरी शक्यता अशी की, त्याच काळात अन्य काही बदलले असेल. कुंपण, पूल, पोलिसांचा बंदोबस्त, गाड्यांचे वेळापत्रक यांपैकी कशाचाही परिणाम त्याच आकड्यांत मिसळू शकतो. तिसरी शक्यता स्थलांतराची आहे. माणसे तेथून रूळ ओलांडण्याचे सोडून थोड्या अंतरावरून ओलांडू लागली असतील, तर एका ठिकाणची घट दुसऱ्या ठिकाणची वाढ ठरेल. चौथी शक्यता नावीन्याची आहे. नवा फलक काही महिने दिसतो आणि पुढे डोळ्यांना सवय होऊन दिसेनासा होतो. पाचवा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. तीन उपाय एकत्र केले असता त्यांपैकी उपयोगी कोणता ठरला हे सांगता येत नाही.

या शंकांनी वडाळ्याच्या प्रयत्नाचे मोल कमी होत नाही. जेथे माणसे मरत आहेत तेथे परिपूर्ण प्रयोगाची वाट पाहत बसणे योग्य नव्हे. परंतु हाच उपाय अन्य स्थानकांवर करावा की त्याच पैशात पूल बांधावा, असा निर्णय घ्यावयाचा असेल, तेव्हा या शंकांची उत्तरे आवश्यक ठरतात. धोक्याच्या अनेक ठिकाणांतून यादृच्छिक पद्धतीने निम्मी ठिकाणे निवडून तेथे बदल करावेत, उरलेल्या ठिकाणी काही काळाने करावेत आणि दोहोंची तुलना करावी, असा आराखडा विद्यार्थी थोड्या चर्चेनंतर स्वतः सुचवतात. नियंत्रित गट कशासाठी असतो, हे त्यांना त्या क्षणी कळते. निष्प्रभ उपायाला यशस्वी ठरवण्याची किंमत अखेर कोणीतरी रुळांवरच मोजणार असते.

५. मोजावे काय?

मृत्यू हा परिणाम गंभीर असला तरी मोजमापाच्या दृष्टीने विरळ आहे. अर्थपूर्ण तुलना होण्यास त्यामुळे बराच काळ लागतो. म्हणून संशोधक त्याआधीच्या वर्तनाकडे वळतो. किती जणांनी रूळ ओलांडले? पाऊल टाकल्यानंतर गाडी त्या जागी किती सेकंदांनी पोहोचली? ही संख्या दररोज मिळू शकते.

'लोकांनाच विचारावे' असा पर्याय विद्यार्थी हमखास सुचवतात, कारण प्रश्नावली हे त्यांच्या परिचयाचे एकमेव साधन असते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अनोळखी विद्यार्थ्याने हातात कागद घेऊन विचारल्यावर 'होय, रोज ओलांडतो' असे किती जण सांगतील? शिवाय आपण गाडीच्या वेगाचा अंदाज चुकीचा घेतो, हे ओलांडणाऱ्यालाही ठाऊक नसते. जे माणसाला स्वतःला ठाऊक नाही, ते प्रश्नावलीतून मिळत नाही.

निरीक्षणातही निरीक्षकाची अपेक्षा मिसळते. रॉबर्ट रोझेंथाल आणि केरमिट फोड यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना त्यांचे उंदीर व्यूहातून मार्ग काढण्यात हुशार आहेत असे सांगितले, तर काहींना मंद आहेत असे सांगितले. प्रत्यक्षात उंदरांत तसा भेद नव्हता, तरीही 'हुशार' उंदरांची कामगिरी सरस नोंदली गेली. म्हणून नोंदी दोघांनी स्वतंत्रपणे घ्याव्यात, त्या परस्परांशी किती जुळतात हे तपासावे, आणि शक्य तेथे नोंद घेणाऱ्याला अभ्युपगम सांगू नये.

६. द्रोणागिरी परिसरातील एक अभ्यास

उरण तालुक्यातील द्रोणागिरी हा नवी मुंबईचा विकसित होत असलेला भाग आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण या रेल्वेमार्गाचे उद्घाटन होऊन द्रोणागिरी स्थानक उपनगरी रेल्वेने जोडले गेले. त्याही आधीपासून, १९८९ साली कार्यान्वित झालेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरामुळे, या परिसरातील रस्त्यांवर कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरांची सतत वर्दळ असते. येथील विद्यार्थ्याला लायबोविट्झ यांचा प्रश्न पुस्तकात शोधावा लागत नाही. महाविद्यालयाच्या वाटेवरच तो उभा असतो.

प्रश्न असा मांडता येईल : रस्ता ओलांडणारा पादचारी ट्रेलरपुढे आणि दुचाकीपुढे सारखेच अंतर राखतो काय? येथे दोन परस्परविरोधी अपेक्षा संभवतात. मोठे वाहन संथ भासत असेल, तर ट्रेलरपुढे पादचारी कमी वेळ शिल्लक असतानाही पाऊल टाकतील. याउलट मोठ्या वाहनाची भीती प्रबळ ठरत असेल, तर ते अधिक वेळ राखतील. कोणताही निकाल आला तरी काहीतरी शिकावयास मिळेल, अशी ही रचना आहे. जुळवून घ्यावे असे आकडेच येथे नाहीत.

मोजमाप साधे आहे. पादचाऱ्याने रस्त्यावर पाऊल ठेवल्यापासून वाहन त्या रेषेवर येईपर्यंत किती सेकंद गेले, हे भ्रमणध्वनीतील घड्याळाने दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदवावे. त्यासोबत वाहनाचा प्रकार, पादचारी एकटा की समूहात, दिवसाची वेळ आणि रस्ता ओला की कोरडा याही नोंदी घ्याव्यात. येथे एक अडचण लगेच उद्भवते. ट्रेलर मुळातच हळू चालत असतील तर? मग वेगातील फरकाचा परिणाम आकाराच्या नावावर जमा होईल. यासाठी दोन निश्चित खुणांमधील अंतर वाहनाने किती वेळात कापले हे नोंदवून, सारख्या वेगाच्या वाहनांचीच तुलना करावी लागेल. ही अडचण अध्यापकाने आधी सांगू नये. पहिल्या दिवसाच्या नोंदींनंतर ती विद्यार्थ्यांनाच सापडू द्यावी.

नोंदी सुरू करण्यापूर्वी अभ्युपगम, निरीक्षणांची संख्या आणि विश्लेषणाची पद्धत लिहून, दिनांकासह अध्यापकाकडे सादर करावी. हा नियम केवळ शिस्तीचा नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती केली असता, सुमारे ३६ टक्के पुनरावृत्तींतच संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष मिळाले. आकडे पाहिल्यानंतर अभ्युपगम ठरवण्याची सवय हे त्यामागील एक कारण मानले जाते. नोंदवहीत आकडे जुळवणारा विद्यार्थी आणि निष्कर्ष पाहून अभ्युपगम बदलणारा संशोधक यांच्यात प्रकाराचा फरक नाही.

७. नैतिक मर्यादा

प्रस्तुत अभ्यासात विद्यार्थ्यांनी कोणालाही रस्ता ओलांडण्यास सांगू नये, स्वतः ओलांडून पाहू नये आणि निरीक्षण पदपथावरून किंवा पादचारी पुलावरूनच करावे. चेहरे ओळखू येतील असे चित्रीकरण करू नये. रेल्वे हद्दीतील कोणत्याही निरीक्षणासाठी लेखी परवानगी आवश्यक आहे. ती नसल्यास तो विषय घेऊ नये. निरीक्षण चालू असताना एखादी व्यक्ती धोक्यात दिसली तर नोंद सोडून तिला सावध करावे. त्यामुळे एक निरीक्षण वाया जाईल. ते जाऊ द्यावे. हा नियम आराखड्यातच लिहिलेला असावा, कारण असे निर्णय आयत्या वेळी घेणे कठीण असते.

समारोप

संशोधक मानसशास्त्रज्ञ इतरांपेक्षा माणसाला अधिक ओळखतो असे नाही. आपल्याला माणूस कळला आहे या भावनेवर तो तुलनेने कमी विश्वास ठेवतो, आणि आपले आवडते स्पष्टीकरण जेथे कोसळू शकेल अशा ठिकाणी ते मुद्दाम नेऊन उभे करतो. पदवी विद्यार्थ्याला ही वृत्ती व्याख्यांतून मिळणे कठीण आहे. निकाल आधी ठाऊक नसलेला एक लहान प्रश्न, प्रामाणिकपणे घेतलेल्या काही नोंदी आणि 'याचे दुसरे कारण काय असू शकेल?' असे वारंवार विचारणारा अध्यापक, एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी आहे. तिला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

मूल्यमापनाच्या बाबतीत मात्र अध्यापकांना एक बदल करावा लागेल. अपेक्षित निष्कर्ष मिळाला की नाही यावर गुण न देता, पर्यायी स्पष्टीकरणे किती प्रामाणिकपणे तपासली यावर ते द्यावे लागतील. ट्रेलर आणि दुचाकी यांत काहीच फरक आढळला नाही असे लिहिणाऱ्या, आणि आपली पद्धत कोठे अपुरी पडली हे स्पष्ट करणाऱ्या विद्यार्थ्याला जेव्हा पूर्ण गुण मिळतील, तेव्हा नोंदवहीतील आकडे जुळवण्याचे कारणच उरणार नाही.